अकरावी रेषा

स्टिरॉइडच्या रोजच्या चार गोळ्यांच्या दोन होऊन एकवीस दिवस झाले होते, तरी कडुबांच्या रक्ताची आलेखावरची रेषा जागची हलली नव्हती.

प्रयोगशाळेत विशाखाने त्याच रक्ताचा तिसरा नमुना यंत्रात घातला. स्टिरॉइड चालू असेतोवर लाल पेशींची ऑक्सिजनवरची पकड किंचित सैल होते आणि डोस उतरला की पुन्हा घट्ट होते, असा तिचा अंदाज होता. दहा रुग्णांच्या रेषांनी तो खरा ठरवला होता. अकरावे रुग्ण कडुबा, तिचे वडील. त्यांचे शरीर स्वतःच्याच लाल पेशी मोडत होते, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. मोडतोड थांबली, साखर मात्र चढत गेली, आणि उद्यापासून डॉक्टर इन्सुलिन देणार होते.

तिसरी रेषाही आधीच्या दोन्हींवर तंतोतंत बसली. यंत्रात दोष नव्हता. विशाखा घरी आली.

कडुबा गच्चीवर होते. चंपाबाई स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"आई, बाबांना सकाळी किती गोळ्या देतेस?"

"चिठ्ठीत हायेत तितक्या."

"कोणत्या चिठ्ठीत? जुन्या?"

चंपाबाईने दोन शेंगा फोडल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या रक्तानं."

"रक्तबी त्यांच्यावरच गेलंय. पोटात काय ऱ्हात नाय."

विशाखाने परात जवळ ओढली आणि तीही शेंगा फोडू लागली.

"दोन दिल्या त्या दिवशी भाजी घिऊन येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले," चंपाबाई म्हणाली. "म्हणले, चंपा, तू हो पुढं. असं कधी म्हणले नव्हते गं. दुसऱ्या दिवसापासनं परत चार दिल्या."

एका दिवसात तसा फरक पडत नाही, हे विशाखाला ठाऊक होते.

"साखर त्या चार गोळ्यांनीच वाढलीय, आई. उद्या सुई सुरू होणार होती."

चंपाबाईचे हात थांबले.

"मग बंदच करते."

"एकदम बंद नाही करायच्या. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवू. आणि ते पायरीवर बसले तर तूही बस शेजारी."

"आन् भाजी?"

"भाजी थांबते."

डॉक्टरांना फोन करून झाल्यावर विशाखाने वही उघडली. रुग्ण क्रमांक अकरासमोर तिने लिहिले: डोस कमी झालाच नव्हता. पहिला दिवस सोडला तर पत्नी रोज चारच गोळ्या देत होती.