नसलेला क्लच

मॅडमनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, पण पोटची पोर काही त्यांच्या गाडीत बसायला तयार नव्हती. "आई, ती धूर ओकते. मी नाही शिकणार त्यात," एवढं बोलून लेक मोकळी. तिला परगावी नोकरी लागली होती. जाण्याआधी तिला आपण स्वतः गाडी शिकवायची, एवढी एकच हौस मॅडमची उरली होती.

गाडी म्हातारी. शिकाऊंनी बंद पाडून पाडून तिला जीव नकोसा केलेला. शिकवणारीच्या पायाशीही वेगळा क्लच-ब्रेक, आणि त्या क्लचनं मॅडमच्या डाव्या गुडघ्याची पार वाट लावली होती. पण घरात चर्चा चाले ती पर्यावरणाची. लेक म्हणे, विजेची घे. मॅडम म्हणत, "अगं, नवी बनवायला काय धूर होत नाही? बॅटरीसाठी डोंगर पोखरतात. आणि वीज काय आभाळातून पडते? कोळसाच जाळतात ना!" त्यावर लेक, "तुझी गाडी दिवसभर फिरते. दोनेक वर्षांत भरून निघेल ते." रोज तेच दळण आणि रोज ताटातलं अन्न गार.

शेवटी मॅडम दमल्या. विजेची घेतली, तिच्यातही शिकवणारीच्या पायाशी ब्रेक बसवून घेतला आणि जुनी गल्लीतल्या रंगाऱ्याला देऊन टाकली.

नवी दारात उभी करून त्यांनी लेकीला हाक मारली. लेक बाहेर आली आणि नेमकी तेव्हाच जुनी गाडी टपावर शिडी घेऊन, खोकत समोरून गेली. "मॅडम, झकास पळते हो!" रंगारी ओरडला.

लेकीनं कपाळावर हात मारला. "धन्य आहे! तो सायकलवर फिरायचा, आई. एकीच्या दोन झाल्या!"

"मग काय करू? भंगारात घालायला जीव होईना!" मॅडम चिडून नव्या गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर धपकन बसल्या. मग आवाजच उतरला. "खरं सांगू? पर्यावरण-बिर्यावरण काही नाही. गुडघा गेलाय माझा, आणि विजेच्या गाडीला क्लच नसतो. कूस बदलता येत नाही. आणि तू चाललीस."

लेकीनं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुझ्या त्या धुरापुढं माझा गुडघा कुठं काढू, बाई?"

लेक स्टिअरिंगमागे येऊन बसली. मॅडमनी सांगितलं तशी गाडी हळूहळू निघाली. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं. मॅडमच्या उजव्या पायानं ब्रेक दाबला आणि सवयीनं डावाही दाणकन खाली गेला. तिथं क्लच नव्हताच. गुडघ्यातून कळ आली तशी त्या "आई गं!" म्हणून कळवळल्या.

लेकीनं खाली पाहिलं. "आई, तिथं काही नाहीये."

"माहितीये गं. पायाला कुठं माहितीये?"

"लांब कर तो पाय. ब्रेक मी लावते."

मॅडमनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या सीटवर डावा पाय लांब केला. उजवा मात्र ब्रेकवरच ठेवला. लेक झाली म्हणून काय, शिकाऊच ती.