पोटरीत भरलेले लाल दाणे

सर्जिकल वॉर्डात आल्यापासून पुष्कर उताणाच पडून होता. त्याची जखम पोटरीवर, म्हणजे पायाच्या मागच्या बाजूला होती. त्यानं पालथं निजावं, निदान कुशीवर तरी, जखमेवर भार देऊ नये, हे ड्यूटीवरच्या प्रत्येक सिस्टरनं त्याला बजावलं होतं. तो मान डोलवायचा, "हाँ सिस्टर" म्हणायचा आणि सिस्टर पुढच्या पलंगाशी गेली की पुन्हा पाठीवर. वर पायांवर चादर ओढलेली.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या शलाका शितोळेच्या वाट्याला नेमका हाच पेशंट आला. तिच्या मैत्रिणींना सरळ, शहाणे पेशंट मिळाले होते. कुणाचा हर्निया, कुणाचं अपेंडिक्स. टाके घातलेले, कडा जुळलेल्या, आठवड्याभरात घरी जाणारे. शलाकाला मिळाला गौतमपुऱ्याचा हिंगोटवाला.

गौतमपुऱ्यात, जुन्या होळकरी मुलखातल्या त्या गावात, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मैदानात दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. हिंगोटाचं फळ वाळवून, पोखरून आत बारूद भरलेली असते. ते पेटवून एकमेकांवर सोडायचं, दुसऱ्या हातातल्या ढालीनं आपल्यावर येणारं अडवायचं. पुष्करचे वडील खेळले, आजोबा खेळले. तोही मिसरूड फुटल्यापासून उतरत होता. या वर्षी एक हिंगोट सुसाट येऊन त्याच्या पोटरीत घुसलं आणि तिथंच पेटत राहिलं. डॉक्टरांनी जळलेलं, मेलेलं मांस कापून काढलं, तेव्हा तळहाताएवढा खड्डा उरला. कडा इतक्या लांब की टाके घालून जुळवायचा प्रश्नच नव्हता. जखम तळापासून भरून यायला हवी होती आणि मग वर मांडीची कातडी लावायची होती.

पण भरून येण्याचं नावच नव्हतं.

त्या सकाळी शलाकानं ड्रेसिंग सोडलं तेव्हा ट्युटर शालिनी मॅडम शेजारी उभ्या होत्या. मॅडम कमी बोलायच्या, आणि वॉर्डात बोलल्या तर प्रश्नच विचारायच्या.

"काय दिसतंय?"

"फिकट आहे, मॅडम. मध्ये मध्ये पिवळा थर आहे. वास नाही, पू नाही."

"मग कुठपर्यंत आलीये गाडी?"

शलाकाला पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर दिसत होतं. पहिल्यांदा रक्त गोठून भोक बुजतं. मग सूज येते. लोक सुजेला घाबरतात, पण त्या वेळी पांढऱ्या पेशी आत उतरून जंतू आणि मेलेला कचरा साफ करत असतात. ती सफाई झाली की बारीक रक्तवाहिन्यांचे कोंब फुटतात, त्यांच्याभोवती नवं मांस धरतं आणि जखमेच्या तळाशी लाल, ओले, दाणेदार उंचवटे दिसायला लागतात. मग कडा आत ओढल्या जातात, त्यांच्यावरून नवी कातडी सरकत येते.

"सूज उतरलीये," ती म्हणाली. "सफाई बरीचशी झालीये. पण पुढचं बांधकाम सुरूच होत नाहीये."

"का?"

"इन्फेक्शन?"

"रिपोर्ट क्लीन आहे. शुगरही नॉर्मल."

मॅडमनी ग्लोव्ह्ज काढले. "सर्जन सर म्हणतात, अशा फिकट जागेवर कातडी लावली तर धरणार नाही. वाट बघतायत. तू नुसती वाट बघू नकोस, कारण शोध. जखम पायाला असते गं, पण ती भरतो अख्खा माणूस. त्याला बघ."

म्हणून शलाका दुपारी जेवणाच्या वेळी जाऊन बसली. पुष्करची आई शांताबाई पलंगाशी स्टूल ओढून मुलाला भरवत होत्या. चांगला पंचविशीचा गडी, पण आईच्या हातून लहान लेकरासारखा खात होता. आणि खात होता काय, तर चहात बुडवलेली पोळी. हॉस्पिटलच्या ताटातली डाळ, दही आणि लिंबाची फोड बाईंनी बाजूला सारून ठेवली होती.

"दाल नी खाते क्या भिया?" शलाकानं विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "दाल से तो मवाद पडे, बेटा. दूध-दही से भी. और खट्टे से घाव पके. मैंने आज तक एक दाना नी दिया इसको." डाळीनं, दह्यानं जखमेत पू होतो, हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. मुलासाठी आपण किती कडक पथ्य सांभाळतोय हे कुणीतरी एकदाचं विचारलं होतं.

शलाकाला वाटलं, सापडलं! तिनं तिथल्या तिथं सुरू केलं. प्रोटीन, व्हिटॅमिन सी, कोलॅजन. तिचं हिंदी फर्डं होतं आणि अभ्यास पक्का होता. शांताबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी ताट उचलत म्हणाल्या, "किताब में लिखा होगा. मेरी सास ने सात बच्चे पाले." एवढं बोलून पाठ फिरवली ती फिरवलीच. संध्याकाळपर्यंत त्यांनी शलाकाकडे वर मान करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शलाकानं ते मॅडमना सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्या बाईंनी जखम बघितलीये का कधी?"

शलाकाला हे सुचलंच नव्हतं. रोज ड्रेसिंगच्या वेळी शांताबाईंना पडद्याबाहेर काढलं जायचं.

पण त्याआधी पुष्करचा हट्ट मोडायचा होता. उताणं निजून निजून जखमेवर दाब येत होता, तिथला रक्तपुरवठा आवळला जात होता. शिवाय त्याच्या उशाखाली बिडीचं बंडल असल्याचं सफाईवाल्या मावशींनी सांगितलं होतं. बिडीनं रक्तवाहिन्या आखडतात. म्हणजे माल येणारा रस्ताच अरुंद. आई बाहेर औषधं आणायला गेली तेव्हा शलाका स्टुलावर बसली आणि सरळ विचारलं, "पालथं का नाही निजत तू? दुखतं?"

"नी दुखता."

"मग?"

त्यानं पायांवरची चादर नीट ओढून घेतली. मग म्हणाला, "गाँव से लोग आते हैं मिलने. पीछे का घाव है, सिस्टर. सब बोलते हैं, पुष्कर ने पीठ दिखाई."

शलाका चमकली. कारण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी केस वाचताना तिच्याही मनात तेच आलं होतं. मागे लागलंय, म्हणजे पळत असणार. शितोळ्यांच्या घरात लहानपणापासून तिनं हेच ऐकलं होतं. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. आत्या अजून सणासुदीला सगळ्यांना बसवून सांगायची, अमक्या शितोळ्यांनी छातीवर इतके वार झेलले, पाठीवर एक नाही. वडील वीज कंपनीत बिलांच्या तक्रारी निस्तरत होते, पण हा विषय निघाला की त्यांचाही कणा ताठ व्हायचा.

"झालं काय होतं?" तिनं विचारलं.

पुष्करनं सांगितलं ते थोडक्यात असं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या रामभाऊंच्या डोक्यावरच्या साफ्यात ठिणगी पडली. रामभाऊ वयानं मोठे, त्यांना कळलंच नाही. पुष्करनं ढाल टाकली आणि वळून दोन्ही हातांनी त्यांचा साफा दाबून विझवला. तेवढ्यात मागून हिंगोट आलं.

"मग हे सांगत का नाहीस लोकांना?"

"रामभाऊ की इज्जत जाएगी ना. बोलेंगे, बुड्ढा सम्हला नी."

शलाकाला आत्याचे ते वार झेललेले शितोळे आठवले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट खटकली. त्या वारांच्या कथा शेकडो वेळा ऐकल्या होत्या. पण वार झेलून आलेल्या त्या माणसांना परत उभं कुणी केलं? कुणी त्या जखमा धुतल्या, कुणी पट्ट्या बदलल्या, कुणी तोंडात घास घातला? ते कुणीच सांगत नव्हतं. कुणी ना कुणी असणारच. नाहीतर शितोळे उरले नसते आणि शलाकाही नसती.

ती पुष्करला म्हणाली, "हे बघ, लोकांना सांग किंवा नको सांगू, ती तुझी मर्जी. पण ही जखम लपवण्यासारखी नाहीये. हिची लाज वाटून घेऊ नकोस. उलटा हो."

तो हसला, पहिल्यांदाच. आणि कण्हत, पलंगाची दांडी धरत पालथा झाला. उशाखालचं बंडलही तिनं मागितलं. ते त्यानं जरा कुरकुरत दिलं.

त्यानंतरच्या ड्रेसिंगला मॅडमना विचारून तिनं शांताबाईंना पडद्याआत घेतलं. सलाइननं भिजवून गॉझ हळूच सोडवला. चिकटलेला गॉझ कोरडा ओढला तर नवं आलेलं मांसही सोबत निघतं, म्हणून तिला वेळ लागत होता. शेवटी खड्डा उघडा झाला. शांताबाईंनी पदर तोंडावर दाबला.

"मेरे लाल," एवढंच त्या पुटपुटल्या.

या खेपेला शलाकानं पुस्तक काढलं नाही. ती म्हणाली, "अम्मा, हा खड्डा तुम्ही भरणार, की मी, की डॉक्टर?" हे तिनं हिंदीतच विचारलं, पण सावकाश. "कुणीच नाही. पुष्करचं शरीर भरणार. रात्रंदिवस भरायला तयार बसलंय. पण माती कुठून आणेल? गड्ढा भरने को मिट्टी तो लगेगी ना? डाळ, दूध, दही, हीच त्याची माती. लिंबू-आवळा त्या मातीला घट्ट धरतो. तुम्ही पोळी-चहा देता, त्यावर तो जगतोय. पण भरायला काही उरत नाहीये."

शांताबाई जखमेवर वाकल्या. सासूचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त विचारलं, "मवाद पडा तो?"

"पडला तर मला बोला. रोज तुम्हीच इथं उभं राहून बघा. मी लपवणार नाही."

त्या दुपारी शांताबाईंनी डाळीची वाटी उचलली, देवाचं नाव घेतलं आणि मुलाच्या तोंडाशी नेली.

पुढचे काही दिवस शलाका वॉर्डात शिरताना धास्तावलेली असायची. खरंच पू झाला तर? जखमेला काय, कारणं पन्नास असतात. पण बाईंचा विश्वास तिनं आपल्या शब्दावर घेतला होता. रोज गॉझ सुटायचा, दोघी वाकून बघायच्या. सुरुवातीला काहीच नाही. मग पिवळा थर मऊ होऊन सुटायला लागला. आणि एका सकाळी गॉझ निघाला तर तळाशी, एका कडेला, डाळिंबाचे बारीक दाणे पेरावेत तसं काहीतरी चमकत होतं. लाल, ओलं. सलाइनचा थेंब पडला तरी टचकन रक्त यायचं इतकं ताजं.

शांताबाई घाबरल्या. "खून आ रहा है!"

"येऊ द्या, अम्मा!" शलाकाचा आवाज वॉर्डभर गेला. "हेच तर पाहिजे होतं!"

दाणे कडेकडेनं पसरत मध्यापर्यंत आले. खड्डा उथळ झाला, कडा आत ओढल्या गेल्या. सर्जन राउंडला आले, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "बढिया. आता लावू कातडी." पुढे जाता जाता विचारलं, "ड्रेसिंग कोण करतंय?" शालिनी मॅडमनी नुसतं शलाकाकडे बोट केलं. त्या बोटानं शलाकाला जे वाटलं ते तिला कुठल्याच परीक्षेच्या निकालानं वाटलं नव्हतं.

मांडीवरची पातळ कातडी काढून पोटरीवर लावली. आता काही दिवस उघडून बघायचं नाही. नवी कातडी पहिल्यांदा नुसतं खालचं पाणी शोषून तग धरते. मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. शिरल्या तर ती जगते, नाहीतर काळी पडून सुटते. पट्टीच्या आत काय चाललंय ते बाहेरून कुणालाच कळत नाही. मांडीवरची जागा मात्र भराभर भरत होती. तिथं केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींनीच नवी कातडी विणायला घेतली होती.

पट्टी उघडायच्या दिवशी सर्जननी शलाकाला बोलावलं. भिजवायचं काम तिचं. पडद्याआत सर्जन, मॅडम, शांताबाई, आणि पहिल्या वर्षाच्या सहा-सात मुली, कारण पुष्करनंच म्हटलं होतं, "आने दो, देखने दो सबको." शेवटचा थर उचलला गेला.

गुलाबी. कडेपासून कडेपर्यंत गुलाबी, खालच्या मांसाला घट्ट चिकटलेली. एका कोपऱ्यात चिंचोक्याएवढी काळी जागा, बस. सर्जन म्हणाले, "धरली."

शांताबाईंनी शलाकाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. ग्लोव्ह्ज घातलेले, हात वर धरलेले, त्यामुळे शलाकाला डोळेही पुसता येईनात. पहिल्या वर्षाच्या मुली तिच्याकडे बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, "यांना सांग, काय काय झालं ते. रक्त गोठण्यापासून." तिनं सांगितलं. पालथा पडलेला पुष्कर मध्येच मान वळवून भर घालत होता, "और बीडी वाली बात बोलो."

थंडी सरता सरता तो ओपीडीत दाखवायला आला, आपल्या पायांनी, सोबत रामभाऊंना घेऊन. पांढऱ्या मिश्यांचा तो माणूस कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला सांगत सुटला होता की या पोरानं माझा साफा विझवला म्हणून याला लागलं. पुष्कर लाजून लाल झाला होता. गावात हेच रामभाऊंनी चौकात उभं राहून सांगितलं होतं म्हणे, कुणी न विचारता.

व्रण अजून लालसर, कडक होता, खाजत होता. शलाकानं बोटानं दाबून बघितला. "आत अजून काम चालू आहे. वर्षभर चालेल, जास्तही. धागे ओढून-ताणून नीट बसतायत. तेल लाव, उन्हात उघडा ठेवू नको."

"पहले जैसा मजबूत होगा ना, सिस्टर?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "पूर्वीइतका कधीच नाही. सोळा आण्यांतले चार-पाच आणे कमीच राहील."

पुष्करनं वर दुमडलेली पॅन्ट खाली सोडली, उभा राहिला, पायावर भार देऊन बघितला.

"ग्यारह आने बहुत हैं," तो म्हणाला आणि रामभाऊंच्या खांद्यावर हात टाकून रॅम्पवरून खाली उतरायला लागला. शलाका दाराशी उभी राहून त्याची चाल बघत होती. टाच नीट टेकत होती, पोटरी ताणली जात होती, पाऊल सरळ पडत होतं. मागून सिस्टरची हाक आली, नवा पेशंट आला होता. "आले, आले," म्हणत ती वळली, पण तो फाटकापाशी पोचेपर्यंत तिनं पाहून घेतलंच.