शेजाऱ्यांचा जबाब

सौमित्रला पोलिसांनी धरून नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शोभाताईंनी कॉलनीत पेढे वाटले. मुलाला पुण्यात नोकरी लागली म्हणून! गावातल्या टावर चौकात स्कूटर लावण्यावरून झालेल्या मारामारीत पोराने एकाचा जबडा मोडला होता, आणि आईला घोर लागला होता चार लोकांत नाक कसं राहील याचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

पोरगा वीस वर्षांचा, गुन्हा पहिलाच, आणि कोर्टात त्याने तो कबूलही करून टाकला. फ्रीगंज भागातले वकील दाते म्हणाले, अशा मुलाला शिक्षा न देता घरीच, मोहल्ल्याच्या देखरेखीखाली ठेवता येतं. सरकारी अधिकारी चौकशीला येईल. मुलगा इथलाच आहे, आम्ही लक्ष ठेवू, एवढं शेजाऱ्यांनी सांगितलं की काम झालं. शोभाताई घरी आल्या आणि शेजारी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अधिकारी येऊनही गेला.

निकालाच्या दिवशी सकाळी वकिलांनी अहवाल वाचून दाखवला. मुलगा पुण्याला गेला, आता तो इथे राहत नाही, असं सगळे शेजारी म्हणतात. जबाबदारी घ्यायला कुणीही पुढे आलं नाही.

 शोभाताई तशाच ऑटोने शेजारच्या वसंतरावांकडे धावल्या. या हिंदी मुलखातल्या मराठी समाजाचे ते सेक्रेटरी, त्यांच्या शब्दाला वजन. दारातच शोभाताईंनी सगळं ओकून टाकलं. पेढे खोटे, पुणं खोटं, पोरगा दोन महिने जेलमध्ये आहे, आत्ताच्या आत्ता कोर्टात चला.

वसंतराव खाली बघत म्हणाले, "वहिनी, आम्हाला पहिल्या दिवसापासून मालूम होतं. साऱ्या कॉलनीला. चौकशीचा साहेब आला तेव्हा ठरवलं, आपल्या तोंडून तुमची इज्जत जायला नको."

शोभाताईंना रडूसुद्धा येईना. कुणाला दोष देणार? ज्यांनी मुलाला बुडवलं त्यांनी त्याला चांगुलपणानेच बुडवलं होतं, आणि तो चांगुलपणा शोभाताईंनी स्वतः पेढे घेऊन घरोघरी जाऊन मागितला होता.

वसंतरावांनी मात्र स्कूटर काढली. कोर्टात हात जोडून त्यांनी सांगितलं की मुलगा इथलाच, जबाबदारी माझी.

जजसाहेबांनी कागद चाळले. "झूठ तब बोला था, या अब बोल रहे हैं?"

"तब," वसंतराव म्हणाले.  जो माणूस सरकारी अधिकाऱ्याशी खोटं बोलतो, त्याच्या भरवशावर मुलाला कसं सोडायचं, असं म्हणून साहेबांनी एक वर्षाची कैद सुनावली.

शिपाई सौमित्रला बाहेर नेऊ लागले तेव्हा शोभाताई आडव्या आल्या, त्याचा हात धरून ठेवला. त्याचं लक्ष आईकडे नव्हतंच. तो वसंतरावांकडे बघत होता, शरमेने लालबुंद झालेला.

"आई, काकांना कशाला आणलंस?" तो हळूच म्हणाला. "आता कॉलनीत सगळ्यांना कळेल."