दोन ते सहाची पावलं

अपडेट आलं आणि पावलं मोजणाऱ्या त्या घड्याळाने एका आठवड्यात सगळ्या गल्लीच्या शिव्या खाल्ल्या. कोपऱ्यावरचा औषधवाला तेच घड्याळ वापरायचा. तो सायकल चालवून आला की घड्याळ म्हणे, वा, छान पोहलात. समोरच्या शाळेतल्या बाईंचं सकाळचं फिरणं निम्मंच नोंदलं जाई. "चांगलं चाललेलं बघवत नाही या कंपन्यांना," औषधवाला म्हणाला, आणि इस्त्रीवाल्याने मान डोलावली. जरा जास्तच जोरात डोलावली. कारण त्याच्या घरचं घड्याळ अपडेटने बिघडलं नव्हतं, ताळ्यावर आलं होतं, आणि हे साऱ्या गल्लीत त्याला एकट्याला ठाऊक होतं.

घड्याळ त्याच्या बायकोचं. अकरा महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात दोन महिन्यांत बराच वळणावर आला, पाय मात्र हट्टाला पेटला. त्याआधी ती खाली दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून रफू करायची, आणि रफू कुठे केलंय हे गिऱ्हाइकाला भिंग लावूनही सापडत नसे. दुकान खाली, घर वर, मध्ये एकोणीस पायऱ्या. तिला जगात एकच गोष्ट हवी होती: त्या पायऱ्या आपल्या पायांनी उतरून त्या स्टुलावर बसायचं. उचलून नेतो म्हटलं की फटकारायची, "मी काय धुण्याचं गाठोडं आहे?"

व्यायाम करून घेणारी ताई सुरुवातीला आठवड्यातून तीनदा यायची. घड्याळ तिनेच घ्यायला लावलं. सकाळी फेऱ्या, संध्याकाळी फेऱ्या, रोज थोड्या थोड्या वाढवायच्या, आणि पावलांचा आकडा आपोआप ताईच्या फोनवर जाणार. "पहिले सहा महिने सोन्याचे," ताई म्हणाली होती. "शरीर आत्ता जेवढं ऐकेल तेवढं पुढे ऐकणार नाही." हे वाक्य इस्त्रीवाल्याने ऐकलं होतं. नीट, समोर बसून ऐकलं होतं. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी त्याला भोळा सांब म्हणायला नको.

झालं असं. दुसऱ्या महिन्यात एकदा ती भिंत धरधरून स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत आणि परत, अशी दिवसभर झुंजली. घामाने निथळली. तेव्हा घड्याळाच्या काचेवर नुसती वेळ दिसायची. पावलं दिसायची फोनवर, आणि फोन त्याच्या खिशात. संध्याकाळी त्याने पाहून सांगितलं, "दोनशे बारा."

"एवढीच?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी वरचं सॉकेट ढिलं झालेलं म्हणून त्याने घड्याळ चार्ज करायला खाली नेलं. चार्ज झालं. कपड्यांच्या ढिगात कुठे हरवायला नको म्हणून मनगटावर चढवलं आणि हॉटेलच्या चादरींवर इस्त्री हाणायला घेतली. हात पुढे, हात मागे, चार तास. संध्याकाळी फोन म्हणाला, अकराशे.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण ती खुर्चीतून हात पुढे करून म्हणाली, "दाखवा." तिने आकडा पाहिला आणि हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली, एका बाजूला ओढलेल्या ओठांनी, पण हसली. "मला वाटलंच होतं. आज पाय हलका लागत होता."

आता अशा बाईला कोणी सांगावं, की बाई, हे पाय तुझे नव्हेत, या हॉटेलच्या चादरी आहेत? कोणीतरी सांगितलंही असतं. याची जीभ रेटली नाही.

मग ते रोजचंच झालं. दोन वाजता घड्याळ खाली, सहा वाजता वर. वरचं सॉकेट त्याने दुरुस्त केलं नाही. शर्ट असले की दोन हजार, शाळांचे युनिफॉर्म आले की तीन हजार. एकदा पडद्यांची मोठी ऑर्डर होती तेव्हा तर ती साडेचार हजार चालली, आणि ताईचा फोन आला, "मावशी, उत्साह आवरा जरा." दोघं पोट धरून हसली. ती खरंखुरं हसली, आणि तो तिच्याकडे बघून. आपण तिला आनंदात ठेवतोय, आनंदात माणूस लवकर बरा होतो, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. स्वतःची समजूत घालणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम, त्याला कोळसाही लागत नाही.

आकडे पाहून ताईने येणं कमी केलं. आठवड्यातून तीनदाचं एकदा झालं, मग महिन्यातून एकदा. "तुम्ही माझ्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनी," ती म्हणाली, "माझी गरज दुसऱ्यांना जास्त आहे." संध्याकाळी घड्याळ वर आलं की तीन हजार झालेलेच असत. फेऱ्या मारायला बायको उठू लागली की तोच म्हणायचा, "बस झालं की आजचं. किती जीव काढशील?" ती बसायची. कधी कधी म्हणायची, "मला तर फार चालल्यासारखं वाटतच नाही हो." आणि मग स्वतःवरच चिडायची, "घड्याळ काय खोटं बोलणार आहे? माझंच मन नाटकी."

सातव्या महिन्यात ताईने तिच्याकडून पायऱ्या करवून पाहिल्या. दोन पायऱ्यांवर तिचा पाय लटपटला, कठड्याला मिठी मारून ती उभी राहिली. "ताकद तर आहे, आकडे सांगतायत," ताई म्हणाली. "मावशी, ही भीती आहे. मन घट्ट करा." त्या दिवसापासून ती स्वतःला भित्री म्हणू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पाय तयार आहे पण मीच भागूबाई. तो बाजूला उभा राहून ऐकायचा. त्या वेळी तरी त्याने बोलायला हवं होतं. चार महिने तो कपड्यांच्या घड्या घालत राहिला.

आणि मग अपडेट आलं. काचेवर मोठे आकडे थेट दिसू लागले आणि हाताच्या हेलकाव्याला घड्याळ फसेना. त्या दुपारी त्याने दोन तास शर्ट हाणले. आकडा दोनशे अडतीसवर होता तो तिथेच. उलट घड्याळानेच विचारलं, आपण बसून व्यायाम करत आहात का? त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि भर दुकानात टेबलाभोवती गोल गोल चालायला लागला. तेवढ्यात शाळेच्या बाई कपडे न्यायला आल्या, मग थांबावं लागलं.

"अडीचशे?" सहाला ती किंचाळलीच. काच बाहीने पुसली, परत पाहिली. "काल तीन हजार आणि आज अडीचशे?" ती आरशापुढे गेली, जीभ बाहेर काढून सरळ येते का पाहिली, दोन्ही हात वर करून पाहिले. पुन्हा वारं गेलं की काय, या भीतीने तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, अपडेटचा घोळ आहे. औषधवाल्याच्या सायकलीला ते पोहणं म्हणतंय."

"मग दुरुस्त करून आणा."

"उद्या..."

"आत्ता जा म्हणते ना!"

तो आज-उद्या करत राहिला. तिने वाट पाहिली नाही. चार दिवस ती सकाळ-संध्याकाळ भिंत धरून चालली, पोटरीत गोळे येईपर्यंत चालली. तीनशे दहा. दोनशे नव्वद. तीनशे पाच. पाचव्या दिवशी तिने घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा तो गेला.

मोबाइल आणि घड्याळं दुरुस्त करणारी मुलगी चटपटीत होती. तिने घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, फूटपाथवर मोजून शंभर पावलं चालली, काच त्याला दाखवली. एकशे एक.

"ठणठणीत आहे, काका."

"जुनं सॉफ्टवेअर परत टाकता येईल?"

"नाही येत. आणि कशाला? आता तास-तास वेगळं दिसतं. मागचंसुद्धा. हे बघा." तिने त्याच्या फोनवर बोट फिरवलं. सकाळी बुटक्या रेघा आणि दुपारी दोन ते सहा उंच उंच खांब. महिनेच्या महिने. "एवढी पावलं आणि जागेवरून हलणं नाही. दोन ते सहा मावशी काय करतात?"

"झोपते," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हातावरच्या भाजल्याच्या डागांकडे. फोन त्याच्याकडे सरकवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तो बाहेर फूटपाथच्या कठड्यावर बसला आणि फोन उघडला. आपले खांब त्याला पाहायचे नव्हते. त्याने सकाळच्या आणि संध्याकाळच्या बुटक्या रेघा पाहिल्या, तिच्या स्वतःच्या. दुसरा महिना, दोनशे. तिसरा महिना, साडेचारशे. चौथा महिना, सहाशे चाळीस. त्याने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. सहाशे चाळीसच. पाचव्यापासून संध्याकाळच्या रेघा नाहीशा झाल्या होत्या. मग सकाळच्याही खाली खाली येत गेल्या, थेट आजच्या तीनशेपर्यंत. भर रस्त्यात त्याला उमाळा आला. माणसं वळून बघत होती.

घरी आला तर ताईच्या चपला दारात. आकडे कोसळले म्हणून ती घाबरून धावत आली होती. बायको पलंगावर बसलेली, तिचा डावा घोटा ताईच्या हातात. ताई पाऊल वर दाबत होती आणि ते वर येत नव्हतं.

"टाच टेकत नाहीये," ताई म्हणाली. "पोटरी आखडून गेलीय. हे चार दिवसांचं नाही, मावशी. तीन हजार चालणाऱ्या माणसाचा घोटा असा नसतो."

"मी चाललेय," बायको म्हणाली. "रोज चाललेय. विचारा यांना."

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या. त्याने सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, दोन ते सहा, चादरी, युनिफॉर्म, पडदे. सॉकेटचंही सांगितलं. सांगताना त्याचा उजवा हात आपोआप पुढे-मागे होत होता, ते त्याच्या ध्यानात आलं तसा त्याने तो पाठीमागे घेतला.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती घोटा तसाच धरून बसली होती. "काका, मला कळलं असतं तर मी रोज आले असते," ती म्हणाली. "आणि मी या बाईला भित्री म्हणाले." तिने घोटा हलकेच गादीवर ठेवला. "उद्यापासून येते. तीनदा येते. पण पायऱ्यांचं वचन मी आता देत नाही, मावशी. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

ती गेली. घरात दोघंच उरली. खालून गिऱ्हाइकाची हाक आली, पुन्हा आली, मग थांबली. तिने त्याला शिव्या घालाव्यात म्हणून तो वाट पाहत उभा होता. तिने घातल्या नाहीत. ती आपल्या पावलाकडे बघत होती.

"म्हणजे मी भित्री नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"एक विचारते, खरं सांगाल?"

"हो."

"मी कधी थोडी तरी सुधारले होते का हो? का पहिल्यापासून हे असंच होतं, आणि तुम्ही नुसतं झाकलंत?"

इथे सुटायला वाट होती. नव्हतीस सुधारली, एवढं म्हटलं की झालं. नशिबातच नव्हतं म्हणून तिने कपाळाला हात लावला असता, रडली असती, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याला माफही केलं असतं. असली खोटी दया त्याला हातच्या मळासारखी जमत होती. त्याने फोन काढला.

"चौथ्या महिन्यात," तो म्हणाला, "सहाशे चाळीस."

"त्यात चादरी किती?"

"एकही नाही. सकाळ-संध्याकाळची आहेत. तुझी तू चाललेली."

"सहाशे चाळीस?" तिने फोन ओढून घेतला. त्या बुटक्या रेघांवरून तिने बोट फिरवलं, एकेक करून, शिवण तपासावी तसं. तिचा चेहरा उजळला. "अहो, तिप्पट! दोनशेवरून तिप्पट! माझी मी!" ती त्याच्याकडे बघून हसत होती, जणू ही बातमी सांगायला त्याच्याहून जवळचं कोणी नव्हतं. बोट पुढे सरकत गेलं आणि पाचव्या महिन्यावर थांबलं.

"मग इथे मी थांबले का?"

"तू उठत होतीस," तो म्हणाला. "मी बस म्हणायचो."

ती फोन गादीवर उपडा ठेवून रडायला लागली. जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही. तो दाराशी उभा राहिला, आणि तिने त्याला ये म्हटलं नाही.