रोझीच्या नावापुढचा शेरा

मित्रांनो, जवळ या, पण शिंकू नका. माझा कागद पार पापडासारखा झाला आहे. मी एक जुनी वही आहे, श्रीरामपूरजवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीची बाप्तिस्म्याची वही. मूल देवळात आणलं, की त्याचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं पाळकसाहेब माझ्यात लिहीत. शेवटी एक अरुंद रकाना आहे, शेऱ्याचा. तो बहुतेक रिकामाच असतो.

नगरच्या एका बांधणीवाल्याने मला शिवलं. लाल कापडी पाठ, जाड पुठ्ठा, काय थाट होता माझा! तेव्हा मुलं घरीच जन्मत, पंचायतीत नोंदवायला कोण जातंय? त्यामुळे नोकरी लागली की माणूस माझ्याकडे, लग्न ठरलं की माझ्याकडे. पाळकीणबाई दर शनिवारी मला फडक्याने पुसत. पुढे दवाखाने आले, संगणकाचे दाखले आले, आणि मला कपाटाच्या खालच्या खणात नाताळच्या कागदी चांदण्यांखाली कोंबलं. झुरळं माझी पाठ कुरतडत होती, अन् वर रविवारची गाणी चालू! राग येतो हो, का येऊ नये?

आता रोझीचं सांगते. रोझी आमच्या बालवाडीची बाई. तिचा भाऊ एलिया. बायको नर्स होती, तिच्याबरोबर तो अमेरिकेला गेला आणि तिथलाच नागरिक झाला. पंधरा वर्षांपूर्वी त्याने बहिणीला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज केला. पण भावाबहिणींची रांग म्हणजे काय सांगावं! दर नाताळला रोझी देवळात सांगायची, "यंदा नंबर लागंल बगा." जायचंय म्हणून तिने घरावर स्लॅब टाकला नाही. म्हैस घेतली नाही, मागं कोण बघणार? पंधरा वर्षं ही बाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहिली.

आणि दोन वर्षांपूर्वी एलियाची बायको वारली, मागोमाग त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याला इकडे येता येईना. रोझी साध्या भेटीच्या व्हिसासाठी दोनदा मुंबईला जाऊन आली. दोन्ही वेळा नकार. कायमचं यायचा अर्ज पडलाय, म्हणजे ही बाई गेली की परत येणार नाही, असा त्यांचा संशय. धड हे नाही, धड ते नाही. तिकडे भाऊ एकटा खुर्चीत सुया टोचून घेतोय, इकडे ही रांगेत.

त्यात ते पत्र आलं. नंबर जवळ आला होता, पण कचेरीने विचारलं होतं: तुम्हा दोघांची जन्मतारीख एकच, एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर. तुम्ही जुळे आहात का? मग अर्जात हिला धाकटी का म्हटलंय? जन्माच्या वेळची नोंद ठरल्या तारखेच्या आत पाठवा, नाहीतर अर्ज बंद. हातात अकरा दिवस उरले होते.

रोझी हसतच पाळकसाहेबांच्या खोलीत आली. बरोबर तालुक्याला फॉर्म भरून देणारा कल्याण होता. "सलाम, पाळकसाहेब. अवो, आमच्या शाळेतल्या गुरुजींचा घोळ हाय ह्यो. दोघं एकाच दिवशी शाळंत गेलो, त्यांनी दोघांलाबी एक जून ठोकला. खऱ्या तारखा तुमच्या वहीत असतील की!"

तिचं खरं होतं. ज्याची तारीख माहीत नाही त्याला गुरुजी एक जूनच देत. आमच्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. पण मित्रांनो, माझ्यात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

पाळक सॅम्युएल दोन वर्षांपूर्वीच इथे आलेले. त्यांनी चांदण्या बाजूला केल्या, मला टेबलावर आपटलं. किती वर्षांनी माझी आठवण झाली, आणि तीही अशा कामाला! ओलीने माझी पानं एकमेकांना चिकटली होती. खरं सांगू? ती चिकटलेलीच राहावीत असं मला वाटलं. पण पाळकसाहेबांनी पातळ सुरी घातली आणि हळूहळू पान सोडवलं.

"एलिया. जन्म नऊ एप्रिल चौऱ्याहत्तर," ते मोठ्याने वाचू लागले. "आई रंगुबाई. बरोबर. आता खालची ओळ. रोझी. जन्म अकरा नोव्हेंबर चौऱ्याहत्तर..."

कल्याण बोटं मोजत होता. सातव्या बोटावर तो थांबला. "साहेब, सात महिने? असं कसं हुईल?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, आणि तो अरुंद रकाना वाचला. "मुलीची जन्मदाती भीमाबाई, खर्ड्याकडची ऊसतोडणी मजूर. फडावरच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होऊन वारली. बापाने राजीखुशीने मूल रंगुबाईच्या ओटीत घातले. रंगुबाईने आपल्या मुलाबरोबर हिलाही अंगावर पाजले."

रोझी खुर्चीत बसली. एक्कावन्न वर्षांची बाई, आणि असं काही तिला आज कळत होतं, तेही कल्याणसमोर.

कल्याणच आधी सावरला. "मावशी, ह्ये गेलं तर अर्ज मेला. दत्तकपत्र न्हाई, काय न्हाई. पन आपन काय करू, सालातल्या चाराचा पाच करू. एक रेघ. आन् शेऱ्यावर चहा सांडू. जुनी वही, कोन बगतंय?"

कोण बघतंय? मी बघत होते ना! पाळकसाहेब त्याला हाकलतील असं मला वाटलं. पण त्यांनी रोझीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं. मित्रांनो, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांनाही ती डायलिसिसची खुर्ची दिसत असेल. टोपण निघालं. निब माझ्या कागदापासून बोटभर अंतरावर आली.

रोझीने एकदम पानावर पंजा ठेवला. "ऱ्हाऊ द्या."

"रोझीबाई, पंधरा वर्षं आहेत ही," पाळकसाहेब म्हणाले.

"व्हय. आन् ह्या बाईचं नाव एवढ्या जगात हितंच तेवढं लिवलंय ना? त्याच्यावर चहा सांडू म्हंता?" मग ती रडली. चांगली हमसून हमसून रडली. माझ्या पुठ्ठ्यावर दोन थेंब पडले, ते मी चालवून घेतले.

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, वही बगितली. सगळं."

फोनमधून डायलिसिसच्या मशीनचं घरघरणं ऐकू येत होतं. मग एलिया म्हणाला, "आईनं जाताना मला सांगितलं हुतं. तुला सांगायला माजी जीभ उचलली न्हाई. आन् अर्जात 'बहीन' लिवताना मला खोटं वाटलंच न्हाई, रोझे."

"आता काय करायचं?"

"अर्ज मागं घेतो, मंग तू परत येनार न्हाईस ह्यो त्यांचा संशय ऱ्हायाचा न्हाई. तू पुन्यांदा साध्या व्हिसाला जा. जे हाय ते सांग. लवकर कर पन."

पंधरा वर्षांचा अर्ज एका दुपारी संपला. पाळकसाहेबांनी माझ्या त्या पानाची नक्कल काढली, शेऱ्यासकट, आणि खाली सही ठोकली. पुढचे दोन महिने रोझी रोज बालवाडी सुटली की खोलीत डोकावे. "मुंबईची तारीख आली का?" तारीख आली, मग पुढे ढकलली गेली, मग परत आली. मध्ये एलिया चार दिवस शुद्धीवर नव्हता. कपाटात माझा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या खेपेला, दवाखान्याचं पत्र आणि माझी नक्कल घेऊन गेलेल्या रोझीला, सहा महिन्यांच्या भेटीची परवानगी मिळाली.

तर मित्रांनो, घरच्या जुन्या वह्या, दाखले, कागद ओलीत कोंबू नका. वेळेवर उघडा, वाचा. पत्र येऊन अकरा दिवस उरायची वाट बघू नका. घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर त्यांना विचारा. आणि माझ्यावर पेन चालवायचा मोह झालाच, तर आधी तिथे कुणाचं नाव आहे ते बघा.

परवा रोझीचा फोन आला होता. पाळकसाहेबांनी तो स्पीकरवर लावला. ती एलियाच्या खुर्चीपाशी बसली होती. तिथल्या नर्सने फॉर्म भरताना एलियाला विचारलं, "ही तुमची कोण?" तो म्हणाला, "बहीण." नर्सने लिहून घेतलं. कागद मागितला नाही.