डाव्या हातावरचं वजन

प्रसूतिगृहातल्या सुईणबाईंची एक पद्धत होती. मूल जन्मलं की ते डाव्या हातावर घ्यायचं, उजव्याने पुसायचं आणि थेट कुणाच्या तरी हातात द्यायचं. पाळण्यात नाही, पलंगावर नाही. "घ्या, आपलं माणूस," असं म्हणायच्या, आणि समोरच्याचे दोन्ही हात खालून आल्याशिवाय स्वतःचा हात काढायच्या नाहीत.

एकदाच ते राहिलं. ते मूल रडलंच नाही. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. चूक कुणाचीच नव्हती. आई शुद्धीवर नव्हती. बाप जिन्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याने नुसती नकाराची मान हलवली. हात पुढे करणारं कुणी नव्हतं, म्हणून बाईंनीच त्याला दुपट्यात गुंडाळून छोट्या शवपेटीत ठेवलं.

घरी येऊन चहाचा कप घ्यायला गेल्या, तर डावा हात रिकामा नव्हता.

आधी वाटलं, लचक भरली असेल. पण ते वजन उबदार होतं. हात खाली सोडला की कोपरापाशी कण्हणं ऐकू यायचं. महिने गेले तसं ते जड होत गेलं, अंगावरचं मूल वाढावं तसंच. कुणी मुठीत धरल्यासारखी बाही चुरगळायची. मग डाव्या खांद्यावर ओल दिसू लागली. दात येताना लाळ गळते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

झोप उडाली. कूस बदलायची सोयच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हात अगदी ठणठणीत आहे, बाई." बाईंनी काम सोडलं आणि खिडकीपाशी नकळत झुलत बसू लागल्या.

अशात त्यांची पुतणी छकुली नववा महिना घेऊन दारात उभी राहिली.

"काकू, तूच हवीस. ती नवी नर्स माझ्याकडे बिघडलेल्या मशीनकडे बघावं तशी बघते."

"मला दोन हात लागतात गं. माझ्याकडे एकच उरलाय."

"नाटकं नकोत हं!" असं म्हणत छकुली डावीकडून गळ्यात पडायला गेली आणि चटका बसल्यासारखी मागे सरली. "काकू, इथं कोण आहे?"

छकुलीचे वडील, म्हणजे बाईंचे धाकटे दीर, चर्चचे पाळक होते आणि प्रवचन गाऊन करायचे. लेकीचा पांढरा पडलेला चेहरा पाहून ते तडक आले.

"वहिनी, रविवारी पुढच्या बाकावर बसा."

"भाऊजी, तुमचं प्रवचन संपता संपत नाही."

"गातो म्हणून लोक थांबतात तरी. नुसतं बोललो असतो तर केव्हाच घोरायला लागले असते."

रविवारी त्यांनी प्रभूजवळ लेकरं आणणाऱ्या आयांची गोष्ट लावली. हार्मोनियमवर ओळ म्हणायचे, लोक मागून म्हणायचे:

थकला हात पुढे करा,
प्रभू उभा आहे, त्याला द्या.

दुसऱ्या वेळी सुराखालून आणखी एक आवाज आला. बारीक, बोबडा, किंचित मागे पडणारा. गाणं विरळ होत गेलं. मागच्या बाईने वाकून बाकाखाली पाहिलं. पाळकांची बोटं थांबली, सगळे गप्प झाले, आणि तो आवाज एकटाच सूर ओढत राहिला, सुईणबाईंच्या डाव्या कोपरातून.

"वहिनी," पाळक हळूच म्हणाले, "मलाही येतंय ऐकू. घाबरू नका. घेणारा समोर आहे. द्या."

बाई उठल्या. वेदीपाशी कुणीच नव्हतं, नुसतं ऊन पडलं होतं. त्यांनी हात पुढे केला. इतके महिने ज्याला ओझं म्हटलं, ते आता सोडवेना.

"प्रभू, घे," त्या कशाबशा म्हणाल्या. "आपलं माणूस."

खालून दोन हात आले. दिसले नाहीत, पण कळले: खरखरीत, कष्ट केलेले, आणि बोटं टेकली तिथं मनगटाजवळ खिळ्याचा एक खोल खड्डा, कधी न भरलेला. चुरगळलेली बाही एकेका बोटाने सुटत गेली. पुढच्या बाकांवर सगळ्यांना एक लहानशी जांभई ऐकू आली. मग काही नाही.

बाई बाकावर मागे टेकल्या त्या तिथंच झोपल्या.

"माझ्या प्रवचनात कुणी झोपलं म्हणून आज पहिल्यांदा देवाचे आभार मानतो," पाळक डोळे पुसत म्हणाले. राहिलेलं गाणं लोकांनी कुजबुजत म्हटलं, आणि बाहेर पडताना कुणी बाकसुद्धा वाजवलं नाही.

दुपार कलल्यावर पाळकांनीच त्यांना हलवलं. "वहिनी, छकुलीला कळा सुरू झाल्यात. तुम्ही निजा हवं तर, नर्स आहे तिथं."

"नर्स आहे ना? मग तिला म्हणावं, पाणी तापव. मी आलेच."

प्रसूतिगृहात बाईंनी दोन्ही हात कोपरापर्यंत चोळून धुतले. छकुलीने घामेजल्या चेहऱ्याने त्यांच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं.

"काकू, ते बाळ गेलं?"

"पोचलं," बाई म्हणाल्या. "आता माझ्याकडे बघ. श्वास घे."