हात दाखवा

"हात दाखवा," ग्रंथपाल म्हणाले.

काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईंनी दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडा निळ्या, बोटांच्या पेरांवर जांभळट रेषा, उजव्या तळव्यावर फिकट हिरवा डाग. कापड रंगवायच्या कारखान्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाचे हात आणखी कसे असणार?

"धुऊन या."

"धुऊनच आलेय, साहेब. हा रंग जात नाही. पण तो ओला नाही, पुस्तकाला लागायचा नाही. हे बघा." त्यांनी कमरेचा पांढरा रुमाल काढून बोटांवर घासून दाखवला. रुमाल पांढराच राहिला.

"बाई, नियम म्हणजे नियम. आज तुमच्यासाठी सोडला, तर उद्या गॅरेजवाला ग्रीस घेऊन येईल."

मंडळी, अशा काउंटरपुढे तुम्ही-आम्ही सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. पलीकडचा माणूस आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, अगदी गोड बोलतो. आणि आपण हात हलवत परत येतो. वर आपल्यालाच वाटतं, चूक आपलीच असेल.

रंगवाल्या बाई काही वेळ घालवायला आल्या नव्हत्या. कारखान्यात रंगमास्तरची जागा रिकामी झाली होती आणि तिची परीक्षा पुढच्या सोमवारी होती. हौदातल्या पाण्याकडे नुसतं बघून कापडाला कुठली छटा चढणार हे त्या सांगायच्या. पण परीक्षेत छटा विचारत नाहीत, कारण विचारतात. ती कारणं असलेलं रंगांच्या रसायनांचं पुस्तक साऱ्या वस्तीत एकच होतं, आणि ते वाचनालयाच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद होतं. मंगळवारी त्या परत गेल्या. गुरुवारी पुन्हा आल्या, पुन्हा परत गेल्या.

शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा हात आधीच पुढे धरलेले होते. विटेच्या तुकड्याने आणि कपडे धुवायच्या सोड्याने त्यांनी ते घासून घासून सोलवटून काढले होते. निळा रंग होता तिथेच होता, फक्त त्याच्या मधून लाल दिसत होतं.

ग्रंथपालांनी बघितलं. क्षणभर त्यांची नजर खाली गेली. मग ते म्हणाले, "आता तर रक्त आहे. पानांना लागेल."

हे वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं बरं. एक शिकलेला, सभ्य माणूस भर दुपारी हे बोलला, वाचनकक्षात बसलेल्या सात-आठ जणांनी ते ऐकलं, आणि वर्तमानपत्राआडून एकानेही डोकं वर काढलं नाही. बाई पायऱ्या उतरून गेल्या.

आता ग्रंथपाल म्हणजे कुणी दुष्ट माणूस होता का? मुळीच नाही. अकरा वर्षं त्यांनी एकेक पुस्तक स्वतःच्या हाताने पुसलं होतं. दर वर्षीच्या अहवालात ते अभिमानाने लिहायचे, 'गहाळ पुस्तके: शून्य. खराब पुस्तके: शून्य.' सभेत टाळ्या पडायच्या. वाचलेली पुस्तकं किती, हे त्यांनी कधी लिहिलं नाही आणि आपल्यापैकी कुणी कधी विचारलंही नाही. पुस्तकांना असं सोवळ्यात ठेवायला आपणच तर टाळ्या वाजवल्या.

त्याच शनिवारी ते आत्यांकडे गेले. वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती, आणि वाचनालयाचा इतिहास लिहायचं काम ग्रंथपालांकडे आलं होतं. वाचनालय काढलं ते एका शिंप्याने. आत्या म्हणजे त्याची धाकटी बहीण. दुकानात काज-बटणांचं काम आणि वाचनालयाची पहिली नोंदवही, दोन्ही त्यांच्याच हातची. शिंपी जाऊन खूप वर्षं झाली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही आत्या खिडकीशी बसून शेजारपाजारच्या सदऱ्यांना काजं करून द्यायच्या.

"वाच बघू काय लिहिलंयस ते," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "कान शाबूत आहेत माझे."

ग्रंथपालांनी घसा साफ केला. "'संस्थापकांनी पहिल्या दिवसापासून स्वच्छतेचा आग्रह धरला. प्रत्येक वाचकाला हात दाखवा, असं सांगून ते हात तपासत. नोंदवहीत हात नावाचा खास रकाना असून त्यात पिठाचे, काळे, भाजलेले असे स्पष्ट शेरे आहेत. अशा वाचकांना ते सौम्य शब्दांत परत पाठवीत. ती परंपरा आम्ही आजही...'"

"थांब," आत्या म्हणाल्या. "परत पाठवीत? हे तुला कुणी सांगितलं?"

"नोंदवहीत आहे ना, आत्या. ही बघा, सोबतच आणलीय. डाव्या पानावर हात."

"आणि उजव्या पानावर?"

"उजवीकडे नुसते आकडे आहेत. बारा, चाळीस, सात... ती मापं आहेत ना दुकानातली? छाती, कंबर."

आत्यांनी सुई खाली ठेवली. "छाती सातची असते का रे कुणाची?"

ग्रंथपालांनी वही पुन्हा जवळ ओढली.

"ते पुस्तकांचे नंबर आहेत, शहाण्या! पिठाचे हात, बारा नंबरचं पुस्तक. म्हणजे गिरणीवालीने बारा नंबर नेलं. काळे हात, चाळीस. कोळशाच्या वखारीतल्या माणसाने चाळीस नेलं, आणि परत आणून सात नेलं. एकालाही परत पाठवलेलं नाही. एकालाही नाही."

"मग नावं का नाही लिहिली?"

"नावं लिहिली असती तर भाकरी गेली असती त्यांची. तेव्हा कामगाराने पुस्तक वाचलेलं मुकादमाला खपायचं नाही. आज वाचतोय, उद्या हिशेब विचारेल, अशी भीती. जेवणाच्या सुट्टीत वाचताना दिसले म्हणून दोघांना कामावरून काढलं होतं. म्हणून दादा नाव विचारायचाच नाही. म्हणायचा, हात दाखवा. कपडे शिवणारा माणूस तो, एकदा बघितलेला हात विसरायचा नाही. हातावरून माणूस ओळखायचा आणि त्याच्या कामाचं पुस्तक काढून द्यायचा. ज्याला हातातलं काम विसरायचं असेल, त्याला गोष्टीचं द्यायचा."

त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "एकदा मुकादम दुकानात घुसला. ही वही ओढून घेतली, नावं शोधली. नुसते हात आणि आकडे. शिंप्याची मापवही समजून तोंडावर फेकून गेला. मुकादम फसला ते बरंच झालं रे. पण तू फसलास? त्या खुर्चीत बसून तू पण फसलास?"

आत्यांचा आवाज आता थांबणारा नव्हता.

"सात पुस्तकं होती पहिली. कापडाच्या ताग्यांमध्ये लपवलेली. मग कापायच्या टेबलाखाली एक ट्रंक आली. मग बेकरीवाल्याने वरची खोली दिली, भट्टीच्या उबेने पुस्तकं कोरडी राहतील म्हणून. तुझी ही इमारत गवंड्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन बांधली, चुन्याने फुटलेल्या हातांनी. तुझ्या कपाटाची काच ज्याने बसवली, त्याच्या तर दहाही बोटांवर कापल्याच्या खुणा होत्या. आज तो दारात आला तर घेशील आत?"

ग्रंथपालांनी खाली मान घातली. मग अडखळत, एकेक शब्द काढत, त्यांनी रंगवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. सोलवटलेले हात सांगितले. आपण काय बोललो तेही सांगितलं.

"तुझे हात दाखव," आत्या म्हणाल्या.

त्यांनी पुढे केले. गोरे, मऊ, नखं कापलेले स्वच्छ हात.

"काय लिहू यात?" आत्यांनी विचारलं. "ऊठ. चहा ठेवणार होते, पण आता नाही. आधी ते पुस्तक देऊन ये."

ग्रंथपाल उठले. घाईत कपाटाच्या कुलपात किल्ली दोनदा अडकली. पुस्तक उघडून बघितलं तर बांधणी करकरली. अकरा वर्षं रोज पुसलेलं ते पुस्तक एकदाही कुणी उघडलं नव्हतं. तेव्हा त्यांना खरी लाज वाटली.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा ते कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. बाईंनी त्यांना बघितलं आणि हात पदराखाली घेतले.

"दाखवू नका," ग्रंथपाल म्हणाले. "नुसते पुढे करा." आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

गोष्ट इथे संपली असती तर आपल्या सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. पण अन्याय उशिरा सुधारला की त्याची किंमत ज्याच्यावर झाला तोच भरतो. बाईंच्या हाती शनिवारची संध्याकाळ आणि एक रविवार उरला होता. त्या तीन गुणांनी राहिल्या. रंगमास्तरच्या खुर्चीत दुसराच कुणी बसला, ज्याला हौदाकडे बघून अजून काही सांगता येत नाही.

आठवड्याने त्या पुस्तक परत द्यायला आल्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. आत एकशे चाळिसाव्या पानाशी निळा दोरा होता.

"इथपर्यंत झालं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी नेमकं याच्या पुढचं विचारलं. आणि साहेब, माफ करा, जखमेवर मलम लावलं होतं ना, त्याने रंग सुटला. या पानावर अंगठा उठलाय."

"माफी मी मागायची," ग्रंथपाल म्हणाले. ते खुर्चीतून उठले. "माफी मी मागायची, बाई. तुमचा आठवडा मी खाल्ला."

ते ठीक आहे असं बाई मुळीच म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणावं? त्यांनी विचारलं, "परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा आहे. मुदत वाढवून मिळेल का?"

ग्रंथपालांनी नवी वही उघडली. डाव्या पानावर रकाना आखला आणि विचारलं, "काय लिहू?"

"निळे लिहा," बाई म्हणाल्या.

त्या वर्षीच्या सभेत ग्रंथपालांनी अहवाल वाचला. "गहाळ: शून्य. खराब: एक. पान एकशे चाळीस, निळा अंगठा. अकरा वर्षांत आपल्या वाचनालयात झालेलं हे पहिलं काम." टाळ्या पडल्या नाहीत. समितीतले एक जण कुरकुरले, की अशाने सगळी पुस्तकं मळतील. "मळू देत. आता कपाटाला कुलूप नको," ग्रंथपाल म्हणाले, आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून खाली बसले. मागच्या रांगेत आत्या अहवालातली ती ओळ स्वतः वाचायला आपल्या पिशवीतून चष्मा काढत होत्या.

नागरिकहो, आपल्याही वस्तीत असं एखादं कपाट असेल. त्याची चकाकणारी काच बघून खूश होऊ नका. तिथून कोण परत गेलं ते विचारा. मळलेलं पुस्तक पुसता येतं, फाटलेलं चिकटवता येतं, हरवलेलं पुन्हा आणता येतं. पण दारातून परत पाठवलेल्या माणसाचं एक वर्ष कुणालाही परत देता येत नाही.